मंगळ-शुक्र, सकाळी सात

ता. ४ फेब्रु. १९३६, मंगळ. रेवदंडा.
य.साठी बिनतारी ऐकायची पेटी पुरी झाली. एक व्हॉल्व्ह, दोन गुंडाळ्या, कानाला लावायचे फोन. गुंडाळ्या मेणात बुडवल्या, नाहीतर इथली खारी हवा तांबं खाऊन टाकते. (बायकोचं नाव स्वतःच्या वहीत तरी पुरतं लिहावं, पण हात धजत नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली!) परवा तिला घाटावर क्षयाच्या इस्पितळात न्यायचं. डॉ. म्हणतात, सहा महिने तरी.

ता. ९ फेब्रु., रवि.
पोचवून आलो. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना मज्जाव. पेटी बाहेरच तिच्या हाती दिली. खिडकीबाहेर तार कशी टांगायची ते तीनदा सांगितलं. "कळलं हो," म्हणाली.
ठरलं असं. मंगळ-शुक्र सकाळी सातला मी इथून घरच्या यंत्रावर पाठवायचं, तिने तिथे ऐकायचं, पत्राने पोच द्यायची. कडकट्टची, तारेची भाषा तिला येते. मी घरी सराव करायचो तेव्हा चुलीपुढून कढईवर पळी आपटून उत्तरं द्यायची. मी पगारी तारबाबू, पण हात तिचाच साफ.
बिनतारीच्या लायसनवर खाजगी मजकूर चालत नाही, फक्त प्रयोग. म्हणून एकेकच अक्षर. जे म्हणजे जेवतेस का. के म्हणजे खोकला कसा आहे. यात साहेबाला काय कळणार!

ता. २१ फेब्रु., शुक्र.
पोच आली! "मंगळवारचं सगळं ऐकू आलं, अगदी स्पष्ट." कोणाला सांगू असं झालं. कोळीवाड्यातली कमळी बोंबील घेऊन आली, तिलाच सांगितलं. तिचा हक्कही आहे. तिच्या नवऱ्याने जुन्या होडीची डोलकाठी परसात रोवून दिली, म्हणून माझी तार उंच गेली. कमळी म्हणाली, "बाबू, वयनी घरान व्हती तवा धड बोलत नव्हतास. आता वाऱ्यासंगं बोलतंस व्हय?"
हसलो. लागलं मात्र.

ता. २९ मार्च, रवि.
दहा दिवस पत्र नाही. जरा कडकच लिहिलं, पोच चुकवू नकोस. पोच आल्याशिवाय तार गेली असं मानायचं नाही, हे आमच्या तारखात्याचं पहिलं कलम. सोळा वर्षं तेच करतोय.

ता. १४ एप्रिल, मंगळ.
पत्र. "सगळं ऐकू आलं. रागावू नये." अक्षर मोठं झालंय, ओळी खाली उतरतायत. वजन किती ते लिहीतच नाही. पण पोच आली. बरं वाटलं.

ता. ९ जून, मंगळ.
पावसाळ्यामुळे बोटी बंद, त्यामुळे बॅटरी भरायला मुंबईला गेलीच नाही. आज पार मेली. सात वाजले, सव्वासात झाले, मी यंत्राच्या किल्लीवर हात ठेवून नुसता बसलो. ती तिथे फोन कानाला लावून वाट बघत असेल. फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

ता. १६ जून, मंगळ.
पत्र आलं. "नऊ तारखेचं सगळं ऐकू आलं, अगदी स्पष्ट."
नऊ तारखेला मी काही पाठवलंच नव्हतं.
जुनी पत्रं काढून बसलो. मार्चात गाय व्याली तेव्हा नियम मोडून अख्खी बातमी पाठवली होती, कालवड झाली म्हणून. तिची लाडकी गाय. पत्रात एका शब्दाने उल्लेख नाही. तेव्हा मला दिसलं कसं नाही? पोच मिळाली की बाबू खूश, मग आत काय लिहिलंय ते कोण बघतो.

ता. १७ जून, बुध.
चार पत्रं लिहून फाडली. पाचवं धाडलं. रागावलो नाही, खरं सांग, एवढंच.
कमळी सुक्या मासळीच्या पाटीत बॅटरी घालून अलिबागला घेऊन गेली. मोटारवाल्याकडून भरून आणते म्हणाली. "पाणी सांडलं तं मासली जलंल ना रं?" म्हटलं, तेजाब ते, जळेल. तरी नेली.

ता. २६ जून, शुक्र.
उत्तर आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं, शब्द तिचे.
"पहिल्याच दिवशी पेटी कोठीत ठेवून घेतली. भिंतीला तार लावायची इथे परवानगी नाही. आपण इतके दिवस खपून केलेली, सांगवेना. वाटलं, पुढे सांगू. तर आपण दर पत्रात पोच मागू लागलात. मंगळवारी नि शुक्रवारी सात वाजता मी उठून बसते. आपण काय विचारलं असेल ते मनात आणते. आता बसवत नाही, पण जागी असते."
दारं लावून रडलो. तिला खोटं बोलायला मीच लावलं. नाहीतर तिच्या तोंडून कधी खोटं आलं नव्हतं.

ता. ३० जून, मंगळ.
बॅटरी भरून आली आहे. सात वाजता पाठवलं. ऐकणारं कोणी नाही हे ठाऊक होतं, म्हणून सगळं पाठवता आलं. अक्षरं नाहीत, पुरती वाक्यं. वर्षभर तू खोकत होतीस. मी म्हणालो, चुलीचा धूर असेल, आणि गुंडाळ्या करत बसलो. यमुना, माझं चुकलं. तुझ्यावाचून घरात करमत नाही. लायसन गेलं तर जाऊ दे.
मग ऑफिसात रजा मागितली. मोठे बाबू भले आहेत, म्हणाले, "तिकडून तार आली की त्याच क्षणी सोडतो." त्यांच्या ध्यानात आलं नाही. इथल्या तारा उतरून घेतो मी. ती तार आली तर माझ्याच हाताने, एकेक अक्षर...
दुपारी दोनदा यंत्र वाजलं. दोन्ही वेळा पेन्सिल उचलेना. एक तार सुपारीच्या व्यापाऱ्याची, एक कुणाच्या बारशाची.
उद्या पहाटेच्या मोटारीने निघतो. रजा मिळो न मिळो. माझ्या जागी दुसरा बाबू बसवतील. मी वाटेत असताना यंत्र वाजलंच, तर...