चूक पोटात घालणारी काठी

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे ठणठणीत. सासूबाई जरा जास्तच.

आता मुद्द्याचं. पंधरा वर्षं मी गोल्फच्या मैदानावर काठ्या धुण्याच्या खोलीत ओल्या पायांनी उभी आहे. खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा म्हातारा कॅडी गेल्या आठवड्यात निवृत्त झाला. मी मॅनेजरला म्हटलं, त्याच्या जागी मला घ्या. तो हसला. म्हणाला, सतरा तारखेच्या रविवारी डॉक्टरीणबाईंची पिशवी उचला आणि कुठली काठी कधी मारायची ते सांगा. बाई शंभर फटक्यांच्या आत आल्या तर जागा तुमची. लबाड मेला! बाई आजवर एकशे दहाच्या खाली आलेल्या नाहीत.

पण चिखल कुठे लागतो ते धुणारीलाच कळतं. बाईंच्या आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाच्या काठ्या, पातळ, सुरीसारख्या. चेंडू मधोमध लागला तरच सरळ जातो. आणि बाईंचे डाग काठीच्या तोंडावर टाचेपासून नाकापर्यंत, मधला भाग सोडून सगळीकडे! त्यांना पाहिजे जाड बुडाची, पाठीत पोकळ, चूक पोटात घालणारी आयर्न. दुकानातून तसला संच मागून घेतलाय. बाई कबूल आहेत. तू हसू नकोस.

आशीर्वाद आहेतच, पण पत्राला उशीर केलास तर परत घेईन.
तुझी ताई

ता. ८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हसलो. तुझी भावजयही हसली.

मी सुतार माणूस. गोल्फ कळत नाही, पण पटाशीचा कल कळतो. काठीवरच्या आकड्यावर जाऊ नकोस. दोन कारखान्यांच्या नऊ नंबरांचा कल एकच असेल कशावरून? तोंड जितकं उभं तितका चेंडू लांब पळणार. सोबत माझी कोन मोजायची पट्टी पाठवतोय. एकेक काठी लावून बघ. आणि घाई करू नकोस, हे तुला सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं, तरी सांगतो.

माया आहे तशी ठेव, रागावणं रविवारनंतर.
तुझा धाकटा

ता. १७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. उभ्यानेच लिहितेय, बसवत नाही!

तुझं खरं निघालं. नव्या नऊचा कल जुन्या आठाएवढा! म्हणून मी बाईंना दर वेळी एक काठी आखूड, म्हणजे आठाच्या जागी नऊ, मारायला सांगायचं ठरवलं. मग वेज मोजल्या, म्हणजे जवळून चेंडू उंच उचलायच्या काठ्या. एक चव्वेचाळीस अंशांची, पुढची एकदम छप्पन. मधे खिंडार. तिथे पन्नासची घातली. चौदाच काठ्या चालतात. मोजल्या, बरोबर चौदा. खूश!

पहिल्या भोकापाशी पोचलो, चेंडू आत ढकलायला पटर काढायला गेले, तर पटरच नाही. तो मी नेहमी वेगळा धुते, तो वाळत राहिला खोलीत. आणायला जावं तर पंधरा होतात, नियमात बसत नाही. बाईंना सरळ सांगितलं, गाढवपणा माझा. त्या हसून हसून हिरवळीवर खालीच बसल्या. मी तुझी पट्टी आठवली. सगळ्यात उभं तोंड ड्रायव्हरचं, म्हणजे पहिला लांब फटका मारायच्या काठीचं, दहा अंश. म्हटलं, याला अर्ध्यात धरा आणि ढकला. बाकीचे कॅडी ओरडायला लागले, ताई, झाडू आणलात काय! मी म्हटलं, आणलाय, मधे याल तर तुम्हालाही लोटीन.

पण जाड काठ्यांनी काय चुका गिळल्या रे! टाचेला लागलेला चेंडूसुद्धा हिरवळीवर. शेवटच्या भोकाला अठ्ठ्याण्णव झाले आणि चेंडू चार हात लांब. बाई चेंडू सोडून मॅनेजरकडेच बघत होत्या. मी म्हटलं, बाई, इंजेक्शन देता तसं द्या, पेशंटच्या तोंडाकडे बघू नका. चेंडू काठावर थबकला, मॅनेजरने श्वास सोडला, आणि तो पडला आत!

मॅनेजरने कार्ड तीनदा मोजलं. तिन्ही वेळा नव्याण्णव. मग मला कॅडीचे बूट दिले, पुरुषांच्याच मापाचे, मी पुढे कागद कोंबला आणि घरापर्यंत चालत आले. सासूबाई मघापासून ओरडताहेत, घरात तरी बूट काढ. मी म्हटलं, उद्या.

लोभ करायचा तर असाच कर, पट्टीसकट.
तुझी कॅडी ताई