गणपतीत मुरलेल्या पाण्याची गटारपट्टी

प्रति,
मा. मुख्याधिकारीसाहेब,
नगरपालिका कचेरी, यांच्या सेवेशी

अर्जदार : चंद्राबाई हरिबा कुंभार, वय साठीच्या पुढे, राहणार नदीकडचा कुंभारवाडा, जि. सांगली

विषय : गटारात न गेलेल्या पाण्यावरची पट्टी कमी करणे, आणि आता गटार उघडून देणे.
संदर्भ : आपली नळ तोडण्याची नोटीस.

महोदय,

अर्ज करण्यास कारण की, आमच्या घरी पिढीजात गणपती होतात. मी दुसरी शिकले, पण अर्ज माझ्या हातचा आहे. चुकलं असेल तिथं सुधारून वाचावं, हसू नये.

१. जेवढं पाणी नळाला तेवढं गटाराला, अशी आपली पट्टी. आमचं पाणी मातीत जातं, माती गणपतीत आणि गणपती चतुर्दशीला कृष्णेत. नदीचं पाणी आम्ही नदीला वाजतगाजत पोचवतो. त्यात गटार आलं कुठं? अशा पाण्याला सूट आहे असं आपल्याच कचेरीत कळलं.

२. तपासाला आपले ओव्हरसियर लालासाहेब आले. माती मळताना उभे राहून बघितली. म्हणाले, "आज्जी, पाणी कुठं गेलं?" म्हटलं, मातीत. "मातीतनं?" म्हटलं, उन्हात. "आवं, उन्हाच्या नावावर शेरा कसा मारू? गटारात जात न्हाई हे दिसाय पायजे."

३. मग दाखवलं. माझा मुलगा ज्ञानू यानं आमच्या गटाराचं तोंड मातीनं ठासून बंद केलं. गणपती सोडला तर कुंभार कच्चं काम ठेवत नाही, म्हणून मी वर शेणी रचून ते भाजून काढलं. वाजवून बघितलं, खणखणीत. ओव्हरसियर खूश होतील वाटलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "आज्जी, विनापरवाना गटार बंद करणं गुन्हा हाय. आणि सूट गटार चालू असणाऱ्याला. तुमचं तर बंद!" गटार होतं तवा पाणी दिसत नव्हतं, आता पाणी दिसतंय तर गटार नाही. साहेब, मी एका वेळी दोन्ही कुठनं दावू?

४. गटार उघडा, नाहीतर नळ तोडू, अशी नोटीस आली. उघडायला गेलो तर पहार वाकली. आपली माणसं आली, चार घाव घातले, "मजबूत हाय" म्हणाली आणि माझ्याच घरचा चहा पिऊन गेली. ती सासऱ्यांनी शिकवलेली भाजणी आहे. उभ्या जन्मात पहिल्यांदा वाटलं, जरा कच्ची राहिली असती तर बरं झालं असतं.

५. काल नागपंचमीच्या पावसानं अंगण तुंबलं. सून अंजना बादल्यांनी उपसते, आभाळ परत भरतं. पाणी पडवीत आलं आणि खालच्या ओळीतले गणपती पायांकडून विरघळायला लागले. हलवता आले ते चुलीपाशी, खाटेवर, माझ्या अंथरुणावर बसवले. माधवनगरच्या गिरणीचा मोठा गणपती चौघांना उचलत नाही, आणि ओल्या पायावर उचलला तर मोडेल. त्याच्याभोवती राखेचा बांध घालून मी बसले आहे. डोळे लिहायचे राहिलेत तेच बरं, त्याला हे दिसत तरी नाही.

मालक गेले तेव्हाही मी कुणापुढं पदर पसरला नाही. आज पसरते. पट्टी पुरी घ्या. मातीतलं, उन्हातलं, देवातलं सगळं पाणी गटारात गेलं असं लिहा, मी खाली सही करते. फक्त ही भाजणी फोडेल असा माणूस आजच्या आज पाठवा. आणि नळ चतुर्थीपर्यंत तरी तोडू नका. गेलेले पाय परत करायला पाणी लागतं.

आपली, हात टेकलेली,
चंद्राबाई हरिबा कुंभार
(सही स्वतःची)

नागपंचमीचा दुसरा दिवस, सन १९७६

सोबत : गणपतीचा सुटलेला एक पाय, ओल्या फडक्यात. कचेरीत वाळू देऊ नये, परत लावायचा आहे.