तिथे कपडे कुठे वाळत घालतात?

सोमवार, १० नोव्हेंबर
दुपार, लाँड्री बंद

प्रिय वन्सं यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र येऊन पडलं त्याला बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला. कामाचं निमित्त सांगितलं असतं, पण ते तुम्हाला पटणार नाही आणि मलाही नीट सांगता येणार नाही. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचा स्वभावच तो. मोठं मशीन मध्यंतरी बंद पडलं होतं. दुरुस्तीवाला आला, पोट उघडून बघितलं, मग वैतागून एक लाथ घातली आणि तेव्हापासून ते चालतंय. लाथेचे पैसे मात्र पूर्ण घेतले मेल्याने.

तुम्ही मागची खोली रंगवून घेतलीत, कपाट रिकामं केलंत, पडदेसुद्धा लावलेत आणि विचारलंत, की लाँड्री बंद करून कायमच्या कधी येताय. मुलगा परदेशी गेल्यापासून घर खायला उठतं, असंही लिहिलंत. या प्रश्नाचं उत्तर याच पत्रात देणार आहे. पण आधी इकडचं थोडं सांगू द्या, नाहीतर उत्तर अधांतरी वाटेल.

आमच्या डोक्यावर लॉज आहे हे तुम्ही पाहिलंय. हे होते तेव्हा आपला त्या लॉजशी संबंध चादरी आणि टॉवेलांपुरता. आता नव्या मालकीणबाई आल्या आहेत. बाई हौशी. त्यांनी नियम काढला, की लॉजमधून निघण्याआधीच्या रविवारी संध्याकाळी प्रत्येक पाहुण्याने जेवणाच्या टेबलाशी बसून एक ठिकाण सांगायचं. पण उंच मनोरे, राजवाडे, पुतळे चालणार नाहीत. ते फोटोत दिसतात. जे बघायला गेलाच नव्हतात आणि तरी विसरता येत नाही, ते सांगायचं. मी एकदा इस्त्रीचे कपडे द्यायला वर गेले, तर बाईंनी मला एक स्टूल दिलं आणि हातात कप. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी मी वर. इस्त्रीचे कपडे मुद्दाम रविवारपर्यंत ठेवते, हे तुम्हाला म्हणून सांगते.

गावांची नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारते: तिथे कपडे कुठे वाळत घालतात? पहिल्यांदा सगळे हसले. आता पाहुण्यांना मालकीणबाई आधीच बजावून ठेवतात, की लाँड्रीवाल्या बाई हे विचारणार, उत्तर तयार ठेवा.

एक नर्सबाई आल्या होत्या. त्या अशा गावात राहून आल्या, की जिथे उन्हाच्या तडाख्यामुळे लोक डोंगराच्या पोटात घरं कोरून राहतात. आत गारवा, भिंतीत फडताळं, सगळी सोय. फक्त कपडे वाळत घालायला वर यावं लागतं. दोरीवर शेवटचा कपडा टाकेपर्यंत पहिला वाळलेला असतो, आणि उतरवायला उशीर झाला की धुळीने पुन्हा मळलेला. मी म्हटलं, तिथे लाँड्री काढली तर कधी गिऱ्हाईक तुटायचं नाही. दुसरा एक फोटोग्राफर, दाढीत अर्धं तोंड बुडालेला. तो उत्तरेच्या टोकाला जाऊन आला. तिकडे हिवाळ्यात दोरीवरची पँट गोठून फळीसारखी कडक होते, ती भिंतीला टेकवून उभी करता येते. आणि गंमत म्हणजे बर्फ तसाच उडून जातो आणि पँट वाळते. मी आयुष्यभर कपडे वाळवले, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी हसत झोपले.

आणखी एकाने सांगितलं, की एके ठिकाणी वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही, फक्त समुद्रावरून धुकं येतं. लोक डोंगरावर मोठाल्या जाळ्या उभ्या करतात. धुकं जाळीत अडकतं, त्याचे थेंब होतात आणि ते पिंपात जमा करतात. धुक्याच्या पाण्यात धुतलेले कपडे. मी माझ्या नळाकडे जरा आदराने बघायला लागले.

हे शेवटचं सांगणारे म्हणजे कप्तान. नावाचे कप्तान, वन्सं. सगळं आयुष्य बोटीवर गेलं, पण स्वयंपाकघरात. बोटीवरच्या खलाशांनी थट्टेने दिलेलं नाव चिकटलं ते चिकटलं. पळी सोडून त्यांनी काही चालवलं नाही, हे ते स्वतःच सांगतात. निवृत्त झाले, मागे कुणी नाही, बायको जाऊन खूप वर्षं झाली. आठवडाभर राहायला म्हणून आले होते.

त्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक घोळ झाला, तो ऐका.

माणूस जाईल तिथल्या समुद्रकिनाऱ्यावरची मूठभर वाळू जमवायचा. आणि ठेवायचा कशात, तर मोज्यात. जोडीतला एक हरवला की उरलेला मोजा वाळूसाठी. वर दोऱ्याने गाठ. अशा मोज्यांची एक पिशवी भरली होती. मालकीणबाईंनी खोली आवरताना ती पिशवी धुण्याची समजून खाली पाठवली. मी उघडून बघते तर काय, वाळूने भरलेले मळके मोजे. म्हटलं, काय ही पुरुषांची जात. एकेक सोडला, मागच्या अंगणात झटकला, उलटा केला, गरम पाण्यात टाकला. वाळवले, भोकं शिवली, आणि रंगात रंग बघून जोड्यासुद्धा लावल्या. मनात म्हटलं, खूश होतील.

ते घ्यायला आले. गठ्ठा बघितला. एक मोजा उचलून उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "छान निघालेत." आणि वर गेले. त्या रविवारी ते टेबलाशी आलेच नाहीत. कप्तानांकडून कळलेलं सगळं मालकीणबाईंनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. माणसाचे सगळे समुद्र मी झटकून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माफी मागायची म्हणून दार उघडलं, तर कप्तान माझ्या अंगणात उकिडवे बसलेले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "ही काळी बघा. ज्वालामुखीची आहे. आणि हे हिरवट कण दिसतात का? खरंच हिरवा किनारा आहे तो, लोकांना खोटं वाटतं." चिमटीने एकेक कण वेगळा करत होते आणि सांगत होते. एका किनाऱ्याची वाळू पाय टाकला की कुईकुई वाजते. ती कोणती, ते मात्र त्यांनाही ओळखता येईना, कारण ती दिसायला साधीच. मी चहा आणला. खाली बसले, गुडघ्याची पर्वा न करता. मी माफी मागितली तर म्हणाले, "इतकी वर्षं नुसती बांधून फिरवली. कुणाला दाखवली नाही. तुम्ही सोडलीत तेव्हा मला आठवलं कुठलं काय ते." आणि हसायला लागले. मला आधी रडू आलं, मग मीही हसले. त्या दिवशी लाँड्री उशिरा उघडली. असं आजवर एकदाच झालं होतं, हे गेले त्या दिवशी.

तर ते आठवडाभराचे पाहुणे अजून इथेच आहेत. सकाळी खाली येतात, मोठ्या चादरी पिळू लागतात. दुपारी सूप करून आणतात, आणि माझ्या हातच्या सूपाला आजवर मी उगाच सूप म्हणत आले, हे मला कळलं. मालकीणबाई जाता येता विचारतात, "काय हो, कप्तानांची बोट तुमच्या दोरीला बांधली वाटतं?" मी म्हणते, तुम्ही तुमचं भाडं मोजा.

गेल्या महिन्यात एका रविवारी टेबलाशी कुणीतरी मला विचारलं, "बाई, तुम्ही सगळ्यांची ठिकाणं ऐकता. तुमचं सांगा की." मी म्हटलं, मी कुठे गेले? हे गाव आणि सासर. पण सोडेनात. मग सांगितलं. काय सांगितलं असेल? तुमची गच्ची. मी नवी नवरी, तोंडातून आवाज निघत नव्हता. तुम्ही मला धुण्याची बादली घेऊन वर नेलंत, भिजलेल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "पीळ घाला वहिनी, आणि ज्याच्यावर राग असेल त्याचं नाव घ्या." मी तुमचंच नाव घेतलं होतं. तुम्ही इतक्या हसलात की चादर गच्चीवर पडली आणि पुन्हा धुवावी लागली. हे सांगितलं आणि मी हातातल्या कपात बघत बसले. मला वाटलं, कुठे बर्फ न् ज्वालामुखी आणि कुठे आपली गच्ची. पण कप्तान म्हणाले, "हे ठिकाण मला बघायचंय."

वन्सं, मी आडवळणाने जातेय हे तुमच्या केव्हाच लक्षात आलं असणार. तुम्ही शाळेत मुलांना एका नजरेत ओळखायचात, मी काय सुटणार. सरळ लिहिते.

मागच्या सोमवारी आम्ही डबलबेडच्या चादरीची घडी घालत होतो. समोरासमोर उभं राहायचं, कोपरे जुळवायचे आणि पुढे यायचं, तुम्हाला माहीत आहेच. ते पुढे आले आणि कोपरे माझ्या हातात देता देता म्हणाले, "मी आता पुढे कुठे जाणार नाही. तुम्ही हो म्हणालात तर लग्न करून इथे राहीन. नाही म्हणालात तर एवढी घडी पुरी करून निघेन." मी म्हटलं, "कोपरा सोडू नका, जमिनीला लागेल." चादर घडी करून गठ्ठ्यावर ठेवली. मग दुसरी उचलली. ती अर्धी झाल्यावर मी हो म्हटलं.

तुम्हाला न विचारता म्हटलं. विचारलं असतं आणि तुम्ही नको म्हणाला असतात, तर मी मोडले असते, म्हणून नाही विचारलं. मी खूप आनंदात आहे, वन्सं. या वयात सकाळी कुणाच्या तरी पावलांची वाट बघत उठायला मिळेल असं वाटलं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण खोडणार नाही.

यांची आठवण रोज येते. इस्त्री तापली का ते बघायला बोट ओलं करून लावायची यांची खोड होती, तीच मला लागली आहे. कप्तानांशी मी यांच्याबद्दल बोलते आणि ते ऐकतात. एकाला जागा दिली म्हणून दुसऱ्याची जात नाही, एवढं मला कळलंय.

भीती एकाच गोष्टीची आहे. हे गेले तेव्हा तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालात, "दादा गेला वहिनी, आता माझं माहेर म्हणजे तुम्हीच." तुमचं पत्र आल्यापासून तेच वाक्य डोक्यात आहे. तुम्हाला वाटेल, हिने माझं माहेर बुडवलं. दुसरं कुणी काय म्हणेल याचं मला काही नाही. मालकीणबाई तर पाहुण्यांना सांगतसुद्धा सुटल्या आहेत. पण तुम्ही तोंड फिरवलंत तर माझा हा सगळा आनंद अर्धा होईल. हे तुमच्यावर दडपण आणायला लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहिते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मी कायमची यायची नाही. लाँड्री चालू राहील. दारावरची पाटी तुमच्या दादांनी हाताने रंगवलेली आहे, ती तशीच राहील. कप्तानांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "मी तिला हात लावणारा कोण?" पण तुमच्या रंगवलेल्या खोलीत चार दिवस राहायला आम्हाला यायचं आहे, दोघांना. आणि त्याआधी तुम्ही इकडे या. महिनाभर राहा, दोन महिने राहा. अंगणाकडची खोली मी कालच झाडून पुसून ठेवली. रविवारी तुम्हालाही एक ठिकाण सांगावं लागेल, त्यातून सुटका नाही. एकट्या घरात बसून भिंतींशी बोलू नका.

नको वाटत असेल तर तेही लिहा. मी समजून घेईन असं लिहिणार होते, पण मला नाही समजून घेता येणार. मी पुन्हा पत्र पाठवीन, आणि त्याला उत्तर आलं नाही तर गाडी पकडून तुमच्या दारात येऊन उभी राहीन, एकटी.

खाली काय म्हणून सही करायची, याचा विचार करत बराच वेळ बसले होते. हे नातं मला तुमच्या दादांनी दिलं, पण इतकी वर्षं चालवलं आपण दोघींनी. लग्नानंतर माझं काय काय बदलेल ते बदलो, हे मी बदलू देणार नाही.

तुमचं उत्तर येईपर्यंत, आणि ते काहीही आलं तरी,

तुमची वहिनी