बैठक मे महिन्यात

प्रिय श्रीधर,

तू कायमचा गेल्यापासून तुला लिहावं असं बरेचदा मनात आलं. पण दिवसभर आपलं ऑफिस एकटीनं ओढलं की संध्याकाळी नुसतं आडवं व्हावंसं वाटतं. आज मात्र लिहितेच. आपण आखलेल्या पहिल्या कॉलेजातली ती छपराची वाट तोडून टाकायची म्हणताहेत!

काल कॉलेजच्या सेक्रेटरींचा फोन आला. "मॅडम, फाटकापासून लायब्ररीपर्यंत चौडा रोड पाहिजे. ते छप्पर मधात येऊन राहिलं. रिकामंच तर असते! मूळ नकाशा तुमचा, म्हणून तुमची सही लागते, बस." समितीची बैठक याच आठवड्यात.

क्षणभर वाटलं, द्यावी सही. गुडघे दुखतात रे. भांडायला तू असायचास, मी मागं फाइल धरून उभी. आता भांडणही माझ्याच वाट्याला?

आपण शिकत होतो तेव्हा कॉलेजात तर तुझी सगळी ड्रॉइंगं काचेची! गावाकडून, खाप्याहून, बसनं घामाघूम होऊन यायचास आणि काचेचे मनोरे काढत बसायचास. सर म्हणाले होते, "काहून गा, याच्यात माणसं शिजवतो का?" वर्गात सगळ्यात जास्त मीच हसले होते.

मग स्कॉलरशिप मिळाली, फिनलंडला गेलास. तिथं एका इमारतीतून दुसरीत जायला छपराखालची वाट होती, बर्फासाठी. फोनवर केवढ्यानं ओरडलास! "ह्यांले बर्फ आहे, आपल्याले ऊन आहे. इलाज एकच, सुनंदा!"

पुढं किती देश फिरलास. एका विमानतळावर तुझ्या खिशातून कांदा निघाला, आठवतं? नागपुरातून मे महिन्यात निघताना उन्हाची लू लागू नये म्हणून ठेवलेला. तो अधिकारी कांद्याकडे बघतो आहे आणि तू त्याला आपला उन्हाळा समजावतो आहेस!

दर वेळी म्हणायचास, पुढच्या खेपेला तूही चल. पण इथली साइट कोण बघणार होतं? तुझ्या फोटोंतले सगळे कॅम्पस मला पाठ आहेत, आणि एकातही मी नाही. त्याचा राग अजून आहे.

आज दुपारी तिथं जाऊन आले. छपराखाली खरंच कोणी नव्हतं. मुलं बाहेर उन्हात पाठ शेकत बसली होती. फार एकटं वाटलं, श्रीधर. हे लोक म्हणतात तेच बरोबर की काय?

आणि मग आठवलं, तू थंडीत कुठलाच आराखडा पक्का करू द्यायचा नाहीस. कोणी घाई केली की म्हणायचास, "साहेब, मे महिन्यात या, जागेवर चालू, मंग बोलू." आत्ता डिसेंबर आहे. डिसेंबरात नागपुरात सावली कोणाला हवी असते?

घरी येऊन सेक्रेटरींना फोन लावला. म्हटलं, बैठक मे महिन्यात, जागेवर, भर दुपारी. त्याआधी सही नाही.

"मॅडम, काहून मजाक करून राहिल्या? मे मध्ये तिथं कोण चालन?"

"तेच पाहायचं आहे," म्हटलं. कुरकुरले, पण तारीख पुढं ढकलली.

तोवर गुडघ्यांचं काहीतरी करते. समितीला आधी छपराबाहेरून लायब्ररीपर्यंत नेईन, परत आणताना छपराखालून. मग त्यांना काय ठरवायचं ते ठरवू दे. डोक्याला तुझा उन्हातला दुपट्टा बांधीन, खिशात कांदा ठेवीन. हा माझा शब्द.

त्यांना मात्र कांद्याचं सांगणार नाही.

तुझी, अजून रागावलेली,
सुनंदा