अक्काचा भडंगाचा डबा

रविवार, संध्याकाळ. कोल्हापूर.

क्रूझवरून आलो. बॅगेतून भडंगाचा डबा निघाला, तसाच भरलेला. पहिल्याच दिवशी अक्कानं हातात दिला होता. रोज संध्याकाळी डेकवर दोघी बहिणी कागद पसरून खात बसू, म्हणाली होती.

पण ह्यांनी हौसेनं आम्हा दोघांना वरच्या मजल्यावरचा महागडा सूट घेतलेला, अक्का आणि भावजी खालच्या साध्या केबिनमध्ये. आमच्या लाउंजचं दार फक्त सूटवाल्यांच्या कार्डानं उघडायचं. दिमतीला माणूस, मागायच्या आधी चहा हजर. खाली जाऊन येते म्हटलं, तर हे म्हणाले, "एवढा सूट घेतलाय, वापरूया की." बसले मग. खोटं कशाला लिहू, आवडत होतं मला.

काचेतून खालचा डेक दिसायचा. अक्का शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून बसलेली. माझ्यासाठी जागा धरून. रोज. ती पर्स डोळ्यांपुढून हलत नाही.

आत्ता गडहिंग्लजला फोन केला. "अक्का, चार दिवस राहायला ये की."

"येतो की," ती हसली. "तुझ्या घरचं दार उघडाय कार्ड लागत न्हाय न्हवं?"

मीही हसले. फोन ठेवून डबा उघडला. भडंग पार सादळलंय. तेच खात बसलेय.