बाहेर न आलेला निरोप

३ नोव्हेंबर

आज पुन्हा आला. दादाच्या नंबरावरून आईच्या फोनवर – ‘उठलीस का? गोळी घे.’

दादाला जाऊन दोन महिने झाले! आई हसली, उत्तर लिहीत बसली. मी चहा तसाच ठेवला.

त्याच्या खोलीतला कॉम्प्युटर अजून चालूच आहे. बंद करायचा कुणाला धीर होत नाही. तो मिरवायचा, “प्रोग्राम लिहिलाय. आईला रोज आपोआप निरोप जातो. मी विसरेन, तो विसरणार नाही.”

नाहीच विसरत.

५ नोव्हेंबर

आई जेवताना फोन ताटाशेजारी ठेवते. बाबा खाली मान घालून जेवतात. अपघाताच्या दिवशी “आजच ये” म्हणून दादाला त्यांनीच बोलावलं होतं. आई एकदाच म्हणाली, “तुम्ही बोलावलंत.” तेव्हापासून दोघांत अबोला. मीठसुद्धा माझ्यामार्फत मागतात.

हे थांबवलं पाहिजे. पण त्याआधी बघायचंय – अजून काय काय लिहून ठेवलंय त्याने? किती सकाळींना पुरेल एवढं?

८ नोव्हेंबर

लांब्या आला होता. दादाचा ऑफिसातला मित्र, दारातून वाकूनच येतो. म्हटलं, मी चष्म्याच्या काचा घासणारी बाई, मला दादाची ती प्रोग्रामची भाषा, पायथॉन, शिकव. हसला नाही बिचारा.

पहिलं फंक्शन लिहिलं – एकच काम करणारा प्रोग्रामचा तुकडा. चार अधिक पाच. पडद्यावर नऊ! मग ते उत्तर एका नावात साठवून छापलं, तर – None. म्हणजे काहीच नाही!

“तू नऊ दाखवलास, दिला नाहीस,” लांब्या म्हणाला. “दाखवणं वेगळं, देणं वेगळं. रिटर्न लिही.”

लिहिलं. आलं. लहान मुलीसारखी टाळी वाजवली, आणि दादाच्या खुर्चीत बसलेय हे आठवून उठून उभी राहिले.

९ नोव्हेंबर

‘थंडी पडलीय. मोजे घाल.’

थंडी कालच पडली. प्रोग्रामला कसं कळलं?

१२ नोव्हेंबर

दादाचा प्रोग्राम उघडला. लहानसाच आहे. वर ‘निरोप’ या नावात रिकामी ओळ ठेवलीय. खाली एक फंक्शन – त्यात पुन्हा निरोप, आणि त्यात एक वाक्य भरलंय. शेवटी – निरोप रिकामा नसेल तरच पाठव.

फंक्शनच्या आत छापून पाहिलं, वाक्य दिसलं. बाहेर छापलं, कोरं. पुन्हा केलं. कोरं!

लांब्याला फोन केला. त्याने ओळी वाचून दाखवायला लावल्या. मग म्हणाला, “आतला निरोप वेगळा गं, बाहेरचा वेगळा. नाव एक, माणसं दोन. फंक्शन संपलं की आतला गेला. रिटर्न लिहायचंच राहिलंय. त्यामुळे बाहेरचा कायम रिकामा.”

“म्हणजे?”

“म्हणजे ह्याने एकही निरोप पाठवलेला नाही. कधीच.”

म्हणजे दादा होता तेव्हा रोज हातानंच लिहायचा. वर यंत्राचं नाव सांगायचा, लबाड!

आणि आता? आता कोण लिहितंय?

१३ नोव्हेंबर

कॉम्प्युटर बंद केला. वायरसुद्धा काढली.

१४ नोव्हेंबर

आला. ‘उठलीस का?’

दादाचा फोन अपघातानंतर सापडलाच नाही, असं बाबाच म्हणाले होते.

१५ नोव्हेंबर

उजाडताच गच्चीच्या जिन्यात चाहूल लागली. भीत भीत वर गेले.

पायरीवर बाबा. चष्मा कपाळावर, हातात काच तडकलेला दादाचा फोन. एका बोटाने एकेक अक्षर शोधत होते.

मला पाहून फोन छातीशी धरला. “तिला सांगू नकोस,” म्हणाले. “तिला वाटतं, तोच आहे.”

मी शेजारी बसले. ‘गोळी’ लिहायची राहिली होती. ती त्यांनी लिहिली.

१६ नोव्हेंबर

राहवेना. आईला सांगितलं.

“माहितीय. पहिल्या दिवसापासून,” आई म्हणाली. “दादाला ऱ्हस्व-दीर्घ कधी कळलं होतं? पण ह्यांना बोलू नकोस काही. तेवढंच बोलतात ते माझ्याशी.”