चिमट्याचे डावे पाते

मी, दवाखान्यांची हत्यारे घडवणारा कारागीर, शरीराने थकलेला पण डोके ठिकाणावर असलेला, कोणाच्याही धाकाविना हे लिहून ठेवतो. सूनबाईला माझ्या डोक्याबद्दल शंका असेल, तर तिने ती आत्ताच बोलून टाकावी.

१. राहते घर मुलाचे. माझ्या दिवंगत पत्नीचे शिलाई मशीन सुनेचे. ती त्याला हात लावणार नाही, तरी विकू नये.

२. ऐरण, हातोडे, कानशी ज्याला हव्यात त्याने न्याव्यात. कोणी येणार नाही.

३. वडिलांनी घडवलेला बाळंतपणाचा चिमटा. डॉक्टर त्याला फोर्सेप्स म्हणतात. त्याची दोन पाती, पण धार नाही. प्रत्येकाला दोन बाक: एक बाळाचे डोके कवेत घेणारा, दुसरा आईच्या शरीराच्या वळणाने जाणारा. आधी डावे आत जाते, मग उजवे, आणि मधल्या खाचेत दोन्ही अडकतात. ज्या विलायती डॉक्टर घराण्याने असा चिमटा पहिल्यांदा शोधला, त्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या लपवला आणि बाहेर बायका मरत राहिल्या. हे सांगताना वडील संतापत. ते आपला नमुना येईल त्याला दाखवत.

वडिलांच्या मागे वाटणीत याच नमुन्यावरून धाकट्याचे डोके फिरले. "दादा, अर्धा तुझा, अर्धा माझा. मिटलं!" म्हणत त्याने उजवे पाते उचलले. मी फक्त उरलेले घेतले. मग मी नवे उजवे घडवले, त्याने नवे डावे. दोघांच्याही जोड्या खाचेत डगडगत. आमचे चिमटे घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोघांचाही माल परत पाठवला. दोन्ही कारखाने बसले. बोलणे आधीच बंद होते.

४. परवा मुलाला त्याच्याकडे धाडले: तुझे दे नाहीतर माझे घे, पण जोडी लाव. निरोप आला, "दादाला म्हणावं, आता पोट उघडूनच बाळ काढतात. चिमटा धरणारे हातच राहिले नाहीत. मी माझं भंगारात घालतोय." तो खरे बोलला, याचाच मला जास्त राग आला. त्या दिवशी मी जेवलो नाही.

५. सबब माझे डावे पाते, मुलाचा कोणताही हक्क न ठेवता, धाकट्या भावास देतो. त्याने ते खुशाल भंगारात घालावे. पण माझे हाती पडेपर्यंत त्याने आपले विकू नये, एवढी विनंती. घालायची तर दोन्ही एकदम घालावीत, खाचेत अडकवून.

लिहून देणार: थोरला भाऊ (सही)
साक्षीदार: शेजारचे चष्मेवाले (सही), निवृत्त सुईणबाई (अंगठा)
ठिकाण: बंद कारखाना
दिनांक: महिनाअखेर, सोमवार